जठरातला जिवाणू आणि वजनाचा काटा

जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि लठ्ठपणा यांचा संबंध शोधू लागले, की सुरुवातीलाच दोन परस्परविरोधी विधाने हाती लागतात. एक म्हणते, की या जिवाणूच्या संसर्गामुळे वजन वाढते; दुसरे म्हणते, की हा जिवाणू जठरातून गेला की वजन वाढते. दोन्ही विधानांमागे रीतसर प्रसिद्ध झालेले अभ्यास आहेत, त्यामुळे एक खरे आणि दुसरे खोटे असे ठरवून मोकळे होता येत नाही. मी डॉक्टर नाही, पण हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळत राहिल्याने त्यावरचे मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता माझे एक मत तयार झाले. संबंध आहे, पण तो लहान आहे, आणि त्यातला बराचसा भाग जिवाणूच्या करणीतून न येता, तो कोणाच्या पोटात असतो आणि त्याला घालवण्यासाठी काय केले जाते, यातून येतो. या मताला कोणता पुरावा आधार देतो आणि कोणता अडथळा आणतो, ते येथे मांडतो.

जिवाणूची ओळख थोडक्यात पुरेल. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत प्रथम वाढवून दाखवला. ईस्टरच्या सुट्टीमुळे काचेच्या तबकड्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यामुळे ही सावकाश वाढणारी जात दिसली, हा त्यातला योगायोगाचा भाग. जठराच्या आम्लात जिवाणू तगूच शकत नाहीत अशी त्या काळातील समजूत होती आणि जठरव्रणाचे, म्हणजे अल्सरचे, खापर मानसिक ताण व आम्लावर फोडले जात असे. मार्शल यांनी १९८४ मध्ये या जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आम्लात टिकण्याची या जिवाणूची युक्ती अशी, की तो युरिएज नावाच्या विकराच्या साहाय्याने युरियापासून अमोनिया तयार करतो, स्वतःभोवतीचे आम्ल सौम्य करतो आणि आपल्या पिळदार आकाराच्या बळावर जठराच्या चिकट आवरणात शिरून बसतो. संसर्ग बहुधा बालपणी होतो आणि उपचार केला नाही तर तो जन्मभर राहतो. संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. काहींना अल्सर होतो आणि थोड्यांना जठराचा कर्करोग. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे वजनाच्या चर्चेत तो विसरला जाण्याचा धोका आहे.

या जिवाणूचा वजनाशी संबंध असू शकेल असे वाटण्याचे कारण जठराच्या आणखी एका कामात आहे. जठर म्हणजे अन्न घुसळणारी पिशवी, एवढीच आपली कल्पना असते. प्रत्यक्षात ते भुकेचे संदेश पाठवणारे इंद्रियही आहे. जपानमधील मासायासु कोजिमा आणि केन्जी कानगावा यांनी १९९९ मध्ये घ्रेलिन या, भूक जागवणाऱ्या संप्रेरकाचा शोध लावला. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागातील अस्तरात तयार होते, जेवणापूर्वी रक्तात त्याचे प्रमाण चढते आणि जेवण झाले की उतरते. आता, ज्या अस्तरात हा जिवाणू वर्षानुवर्षे दाह माजवतो आणि पुढे पुढे ग्रंथीच नष्ट करतो, त्याच अस्तरात घ्रेलिन बनवणाऱ्या पेशी असतील, तर संसर्ग झालेल्या माणसाला भूक कमी लागावी आणि जिवाणू गेल्यावर ती परत यावी, हे अनुमान अगदी सरळ आहे. काही प्रयोगांनी त्याला दुजोराही दिला. इंग्लंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संसर्ग असलेल्या पण एरवी निरोगी अशा १० जणांवर उपचार केल्यावर त्यांच्या रक्तातील घ्रेलिन सुमारे ७५ टक्क्यांनी वाढलेले आढळले.

अनुमान इतके सुबक असले की मला थोडी शंका येऊ लागते, आणि येथे ती अनाठायी ठरली नाही. जपानमधील काही अभ्यासांत नेमके उलटे दिसले, म्हणजे उपचारानंतर रक्तातील घ्रेलिन घटले. ही विसंगती निव्वळ गोंधळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण तिच्यामागे समजण्याजोगी कारणे आहेत. जठरातील दाह सर्वांच्या बाबतीत एकाच जागी नसतो: काहींच्या जठराच्या खालच्या टोकाशी तो अधिक असतो, तेव्हा आम्ल वाढते आणि ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, अल्सरकडे कल जातो; काहींच्या जठराचा मोठा भाग त्यात सापडतो, तेव्हा आम्ल कमी होते आणि ग्रंथी झिजत जातात. घ्रेलिनच्या पेशींना धक्का बसतो तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात. तेव्हा प्रयोगात कोणत्या प्रकारचे रुग्ण जास्त आले यावर उत्तर बदलणार, हे उघड आहे. त्यात आणखी एक तांत्रिक अडचण आहे. घ्रेलिनच्या रेणूला ऑक्टॅनॉइक आम्लाचा तुकडा जोडला गेला तरच ते भुकेचे परिचित काम करते, आणि पुष्कळशा अभ्यासांत मोजले गेले ते एकूण घ्रेलिन, ज्यात काम करणारे आणि न करणारे असे दोन्ही रेणू एकत्र असतात.

शिवाय घ्रेलिन वाढले म्हणजे माणूस लठ्ठ होतो, हे समीकरणही टिकत नाही. लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात उपाशीपोटी घ्रेलिन सरासरीपेक्षा कमीच आढळते, आणि आहार घटवून वजन उतरवलेल्यांमध्ये ते वाढते. म्हणजे ते वजनाचे कारण आहे तितकेच वजनाचा परिणामही आहे. घ्रेलिनचे जनुकच काढून टाकलेले उंदीरही साधारण इतर उंदरांइतकेच खातात. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने शोधलेले लेप्टिन हे तृप्तीचा संदेश देणारे संप्रेरक मुख्यतः चरबीतून येते, पण जठराच्या अस्तरातही ते थोडे तयार होते. संसर्ग असताना जठरातील लेप्टिन वाढलेले आणि उपचारानंतर घटलेले काही अभ्यासांत दिसले आहे, आणि तरीही रक्तातील लेप्टिनची पातळी फारशी हललेली नसते. भूक ही अनेक संदेशांची मिळून घडते आणि त्यांपैकी एक मुरडला की शरीर दुसऱ्यांनी भरपाई करते, एवढे मान्य केले की केवळ संप्रेरकांच्या आकड्यांवरून वजनाचे भाकीत का करता येत नाही, ते समजते.

म्हणून मला सर्वांत जास्त वजनदार वाटतो तो पुरावा संप्रेरकांचा नसून थेट वजनाच्या काट्याचा आहे, आणि तोही असा, की ज्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले आहेत. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात असा एक मोठा प्रयोग झाला. २० ते ५९ वयोगटातील १०,५३७ लोकांची श्वासचाचणीने तपासणी करण्यात आली. संसर्ग आढळलेल्यांपैकी १,५५८ जणांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला दोन आठवडे खरे औषध मिळाले, दुसऱ्याला तसेच दिसणारे निष्क्रिय औषध. वजनाविषयीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी उपचार घेतलेल्या गटाचे सरासरी वजन ७७.७ वरून ७८.४ किलो झाले, निष्क्रिय औषधाच्या गटाचे ७६.८ वरून ७७.२ किलो. आवश्यक ते हिशेब जुळवल्यावर दोन गटांतील फरक ०.६ किलो निघाला.

०.६ किलो म्हणजे किती, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या निर्देशांकात, यामुळे सुमारे ०.२ ची भर पडते; एवढ्याने कोणी सामान्य वजनातून लठ्ठपणात जात नाही. पण सरासरीआड बरेच काही दडते. त्याच प्रयोगात ३ किलो किंवा त्याहून अधिक वजन वाढलेल्यांचे प्रमाण उपचारगटात १९ टक्के आणि दुसऱ्या गटात १३ टक्के होते. याचा अर्थ, १०० जणांवर उपचार केले तर एरवी ज्यांचे वजन इतके वाढले नसते अशा ६ जणांचे ते वाढते, उरलेल्या बहुतेकांना मात्र काही फरक पडत नाही. ‘जिवाणू काढला आणि मी जाड झालो’ असे सांगणारी व्यक्ती म्हणूनच खोटे बोलत असेल असे नाही. पण तिच्यासारख्याच १३ जणांचे वजन औषधाविनाही वाढलेले असते, हे तिला कळण्याचा मार्ग नसतो.

वजन वाढले ते का, या प्रश्नाला मात्र हा प्रयोग उत्तर देत नाही, आणि येथेच माझे मत जिवाणूपासून दूर सरकते. किमान तीन कारणे शक्य आहेत. पहिले अगदी साधे आहे: ज्याचे पोट दुखत होते, जेवल्यावर ज्याला जडपणा आणि मळमळ जाणवत होती, त्याला बरे वाटू लागले की तो पोटभर जेवू लागतो. याच प्रयोगात उपचार घेतलेल्यांचे अपचनासाठी डॉक्टरांकडे जाणे सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले होते, तेव्हा हे कारण हवेतले नाही. दुसरे कारण वर आलेले भुकेच्या संप्रेरकांचे. तिसरे कारण म्हणजे खुद्द औषध. निष्क्रिय औषध घेणाऱ्या गटाला प्रतिजैविके मिळालेलीच नव्हती, त्यामुळे वजनातील फरक जिवाणू गेल्याचा की प्रतिजैविकांचा, हे वेगळे काढता येत नाही. ही शंका काल्पनिक नाही. कोंबड्या, डुकरे यांच्या खाद्यात प्रतिजैविकांची अल्प मात्रा सतत मिसळली की ती लवकर वजन धरतात, हे १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत आहे. युरोपीय संघाने अशा वापरावर २००६ पासून पूर्ण बंदी घातली. न्यूयॉर्कमधील मार्टिन ब्लेझर यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये उंदरांना तशीच अल्प मात्रा देऊन त्यांची चरबी वाढल्याचे दाखवले. अर्थात वाढीच्या वयात महिनोन्‌महिने मिळणारी अल्प मात्रा आणि प्रौढ माणसाने दोन आठवडे घेतलेली पूर्ण मात्रा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरीविषयी ठाम बोलणे मला घाईचे वाटते.

ब्लेझर यांचे नाव या विषयात वारंवार येते, कारण या जिवाणूची दुसरी बाजू त्यांनी सर्वांत आग्रहाने मांडली. त्यांचा युक्तिवाद असा, की हा जिवाणू माणसाबरोबर हजारो वर्षे राहत आला आहे. आल्प्स पर्वतात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाच्या जठरातही त्याचा अंश मिळाला. गेल्या शतकात स्वच्छता, लहान कुटुंबे आणि प्रतिजैविके यांमुळे तो संपन्न देशांतून वेगाने नाहीसा होत गेला, आणि त्याच काळात आम्लाचा अन्ननलिकेकडे उलटा प्रवाह, दमा आणि लठ्ठपणा वाढत गेले. त्यांच्या गटाच्या २०११ मधील एका लहान अभ्यासात जिवाणू गेलेल्यांचा बीएमआय दीड वर्षात सुमारे ५ टक्क्यांनी वाढला. हा युक्तिवाद आकर्षक आहे आणि त्यातील आम्लप्रवाहाचा भाग बराच गंभीरपणे घेतला जातो. लठ्ठपणापुरता मात्र मला तो पटत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या गोष्टी कमी होत गेल्या त्यांची यादी फार मोठी आहे, शारीरिक श्रमांपासून धूम्रपानापर्यंत. त्यांपैकी कोणतीही एक उचलून लठ्ठपणाच्या चढत्या रेषेसमोर ठेवली तर दोन्ही रेषा एकमेकींना छेदताना दिसणारच. देशादेशांची सरासरी एकमेकांशी ताडून पाहिली की जिवाणू कमी तेथे लठ्ठपणा जास्त, असे चित्र काही पाहण्यांत दिसते खरे, पण देशाच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

व्यक्तींकडे थेट पाहिले तर हे चित्र विरघळते. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात झालेल्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीतील प्रौढांच्या माहितीवरून संसर्ग आणि बीएमआय यांच्यात काहीच संबंध सापडला नाही. तैवानमध्ये तर एकाच बेटावर दोन टोकांची उत्तरे मिळाली: २००५ मधील एका अभ्यासात अतिलठ्ठ रुग्णांमध्ये संसर्गाचे प्रमाण इतरांपेक्षा कमी निघाले, तर २०१८ मधील दुसऱ्या, सर्वसामान्य वस्तीतील पाहणीत पन्नाशीच्या आतील लठ्ठ व्यक्तींमध्ये ते जास्त निघाले. पहिल्यात शस्त्रक्रियेच्या विचाराइतके वजन वाढलेले लोक होते, दुसऱ्यात साधारण नागरिक. तुलनेसाठी घेतलेली माणसेही वेगळी. माझ्या मते अशा विरोधाची गुरुकिल्ली संसर्ग कोणाला होतो यात आहे. तो बालपणी, दाटीवाटीच्या घरात, अपुऱ्या स्वच्छतेत लागतो, म्हणजे तो एका अर्थी माणसाच्या बालपणीच्या आर्थिक स्थितीची नोंद असतो. लठ्ठपणाही आर्थिक स्थितीशी बांधलेला आहे, पण ती गाठ सर्वत्र सारखी नाही: काही समाजांत संपन्न माणसे जाड असतात, काहींत गरीब. त्यामुळे जिवाणूने काहीच न करतासुद्धा एका समाजात तो लठ्ठपणाबरोबर दिसेल आणि दुसऱ्यात त्याच्या विरुद्ध दिसेल. अभ्यासक उत्पन्न आणि शिक्षण हिशेबात धरतात, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या घराची दाटी आजच्या उत्पन्नाच्या रकान्यात उतरत नाही.

संसर्गामुळेच वजन वाढते असे म्हणणाऱ्यांकडेही एक दखलपात्र मुद्दा आहे. जठरातील दीर्घकाळ चाललेला दाह जठरापुरता राहत नाही. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ यांसारखे दाह वाढवणारे रेणू रक्तात थोडे चढलेले राहतात, आणि हेच रेणू इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात हे स्वतंत्रपणे माहीत आहे. संसर्ग असलेल्यांमध्ये इन्सुलिनला मिळणारा प्रतिरोध किंचित जास्त असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. तैवानमध्येच झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या उपचारप्रयोगात वर्षभरानंतर इन्सुलिनचा प्रतिरोध आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड, म्हणजे एका प्रकारच्या चरबीचे प्रमाण, थोडे सुधारलेले होते, आणि त्याच वेळी वजन किंचित वाढलेले होते. मला हा निष्कर्ष या सगळ्या वाचनातला सर्वांत उद्बोधक वाटला, कारण वजन आणि चयापचयाचे आरोग्य या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो आणि येथे त्या उलट दिशांना गेल्या. अर्थात हा बदलही लहानच आहे, मधुमेहाचा उपचार म्हणून मिरवण्याइतका नाही.

कार्यकारणाचा बाण उलटाही असू शकतो. लठ्ठपणात रोगप्रतिकारशक्तीचे वर्तन बदलते, त्यामुळे संसर्ग टिकून राहण्याची शक्यता वाढते असे काही अभ्यासक मानतात. आणि नेहमीच्या मात्रेतील औषध मोठ्या शरीरात विरळ होत असल्याने लठ्ठ रुग्णांमध्ये उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण काही अभ्यासांत अधिक दिसले आहे.

व्यवहारात याचा अर्थ काय, याबद्दल मला फार संदिग्धता वाटत नाही. अल्सर, जवळच्या नातेवाइकाला झालेला जठराचा कर्करोग, दीर्घकाळचे अपचन, कारण न सापडणारी लोहाची कमतरता, ही या जिवाणूची चाचणी व उपचार करण्याची मान्य कारणे आहेत. लठ्ठपणा त्या यादीत नाही, आणि आजच्या पुराव्यावर तो असूही नये. वजन उतरेल या आशेने प्रतिजैविके घेण्याला आधार नाही. त्याहून घातक मला दुसरे टोक वाटते: वजन वाढेल या धास्तीने, अल्सर असलेल्या माणसाने उपचार टाळणे. अर्ध्या किलोच्या शक्यतेसाठी कर्करोगकारक जिवाणू पोटात बाळगणे हा कोणत्याही हिशेबाने तोट्याचा सौदा आहे. उपचार झाल्यावर जिवाणू खरोखर गेला की नाही हे श्वासचाचणीने किंवा शौचाच्या चाचणीने तपासावे लागते, तेही प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवून. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी येथे उपयोगाची नाही, कारण जिवाणू गेल्यावरही ती पुष्कळ काळ होकारार्थी राहते. ज्यांचे अपचन उपचाराने थांबले आहे त्यांनी पुढचे काही महिने वजनावर लक्ष ठेवणे मात्र शहाणपणाचे, कारण परत आलेली भूक ही ब्रिस्टलच्या आकड्यांमागची सर्वांत सरळ शक्यता आहे.

लठ्ठपणा आणि हा जिवाणू खरोखर एकाच टेबलावर येतात ते वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेत. जठराचा मोठा भाग कापून त्याची अरुंद नळी करण्याच्या शस्त्रक्रियेत घ्रेलिन तयार करणारा वरचा भागच बहुतांशी निघून जातो आणि रक्तातील घ्रेलिन घसरते. जिवाणूमुळे होणारा बदल त्यापुढे किरकोळ ठरतो. जठराला वळसा घालून आतडे जोडण्याच्या शस्त्रक्रियेत अडचण वेगळी असते. तेथे जठराचा मोठा हिस्सा शरीरातच राहतो, पण अन्नाच्या वाटेवरून बाजूला पडतो, आणि नंतर त्यात नेहमीच्या दुर्बिणीने पाहणे कठीण होते. त्या झाकलेल्या भागात संसर्ग, अल्सर किंवा कर्करोगाची सुरुवात असेल तर ती उशिरा कळते. म्हणूनच पुष्कळ शल्यचिकित्सक, विशेषतः जेथे हा संसर्ग सर्रास आढळतो तेथे, शस्त्रक्रियेपूर्वीच जिवाणूची चाचणी करतात आणि तो सापडल्यास आधी त्याचा उपचार पूर्ण करून मगच पुढची तारीख देतात.